वायू सांगतो पृष्ठभागाची ओळख

(संस्थेच्या विज्ञान सप्ताहात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)
— सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ‘गॅस क्रोमॅटोग्राफीच्या साहाय्याने धातूंच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागाचा अभ्यास’ असे ते लांबलचक नाव आहे. त्यातून बोलणारा माणूस भाषा आणि इतिहास शिकविणारा! तेव्हा हा काय सांगणार, अशी शंका कोणाला आल्यास ती रास्तच आहे. परंतु या विषयातील जवळजवळ प्रत्येक वस्तू आपल्या घरात किंवा अंगणात आहे, आणि त्यामागील युक्ती सातवीच्या मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. शिवाय त्याच्या इतिहासात आपल्या शाळेसारख्याच एका शाळेला मानाचे स्थान आहे. तोही भाग पुढे येईलच.

ऑक्साइडे म्हणजे काय?

धातूचा ऑक्सिजनशी संयोग झाला की त्या धातूचे ऑक्साइड तयार होते. पावसाळ्यात खिडकीच्या गजाला तांबूस गंज चढतो, त्यात लोखंडाचे ऑक्साइड असते. भट्टीतून येणारी चुनकळी हे कॅल्शियमचे ऑक्साइड. अंगाला खाज सुटल्यावर लावतात त्या कॅलामाइन लोशनमध्ये जस्ताचे ऑक्साइड असते. भिंतीच्या पांढऱ्या रंगातील पांढरेपणा बहुधा टिटॅनियमच्या ऑक्साइडाचा असतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर त्या धातूच्या ऑक्साइडाचा इतका पातळ थर असतो की तो डोळ्यांना दिसत नाही. पण तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो. कोकणातील घरे ज्या जांभ्या दगडाची बांधतात, तो मुख्यतः लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी व पाणीयुक्त ऑक्साइडांनी बनलेला आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळी वाळू आढळते. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते, आणि ते लोखंड व टिटॅनियम यांचे मिळून झालेले ऑक्साइड आहे. साधी वाळू म्हणजे सिलिका. सिलिकॉन हा खऱ्या अर्थाने धातू नव्हे. तथापि अभ्यासाच्या सोयीसाठी शास्त्रज्ञ सिलिकेलाही याच पंक्तीत बसवितात.

आता प्रश्न असा, की या पदार्थांचे रासायनिक सूत्र ठाऊक असताना त्यांच्या पृष्ठभागाचा वेगळा अभ्यास कशासाठी? ॲल्युमिना म्हटला की तो ॲल्युमिनाच. मग एका कारखान्याचा ॲल्युमिना उत्तम काम करतो आणि दुसऱ्याचा करीत नाही, असे का व्हावे? सूत्र तेच, वजन तेच, रंगही तोच. मग फरक कोठे आहे?

फरक पृष्ठभागात आहे.

एका घनाचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, वही काढा. एक सेंटिमीटर बाजू असलेला एक घन घ्या. त्याला सहा बाजू, म्हणून त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे एक मिलिमीटर बाजूचे घन पाडा. असे १,००० घन होतील आणि सर्वांचा मिळून पृष्ठभाग होईल ६० चौरस सेंटिमीटर. वस्तू तेवढीच, वजन तेवढेच. पृष्ठभाग मात्र दहापट झाला. आणखी बारीक करीत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके घन पाडले, तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. त्याच्याही शंभराव्या भागापर्यंत गेलो, तर ६०० चौरस मीटर. सुपारीएवढ्या पदार्थात शाळेच्या कित्येक वर्गखोल्यांच्या जमिनीएवढा पृष्ठभाग दडलेला असू शकतो. उद्योगधंद्यांत वापरल्या जाणाऱ्या सच्छिद्र ॲल्युमिनाच्या एका ग्रॅममध्ये १०० ते ३०० चौरस मीटर पृष्ठभाग असणे ही नित्याची गोष्ट आहे.

परंतु नुसते क्षेत्रफळ कळून भागत नाही. जमीन किती एकर आहे हे कळले, तरी ती कसदार आहे की खडकाळ हे कळावयास हवे. पृष्ठभागाचेही तसेच आहे. स्फटिकाच्या आत असलेल्या अणूला चोहोबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरील अणूला एका बाजूने शेजारीच नसतो. त्यामुळे त्याची ओढ अपुरी राहते आणि तो हवेतून जे मिळेल ते धरून ठेवू पाहतो. बहुधा त्याला पाणी मिळते. पाण्याच्या रेणूपासून ऑक्साइडाच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट तयार होतात, आणि त्यावर पुन्हा पाण्याचे थर बसतात. वरवरचे पाणी शंभर-दोनशे अंश सेल्सियस तापविल्यास निघून जाते. हायड्रॉक्सिल गट काढावयाचे तर कित्येक शतके अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणून एकच ऑक्साइड कसे तापविले आहे, यावरूनही त्याचा पृष्ठभाग बदलतो.

शिवाय प्रत्येक पृष्ठभागाचा आपला एक स्वभाव असतो. काही जागा आम्लधर्मी असतात, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारावयास उत्सुक. काही आम्लारिधर्मी, म्हणजे अशी जोडी देऊ करणाऱ्या. मॅग्नेशियमचे ऑक्साइड आम्लारिधर्मी आहे, सिलिकेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, आणि ॲल्युमिनावर दोन्ही प्रकारच्या जागा असतात. पृष्ठभागावर एखादा वायू किंवा बाष्प येऊन चिकटणे, याला पृष्ठशोषण म्हणतात. ते किती होते, किती घट्ट होते आणि कोणत्या जागी होते, हे शोधून काढणे हा आपल्या आजच्या अभ्यासाचा हेतू आहे.

न दिसणाऱ्या बाजाराची परीक्षा

या जागा डोळ्यांना दिसत नाहीत. मग त्यांची परीक्षा करावयाची कशी? येथे एक दृष्टांत देतो.

समजा, उरुसानिमित्त एका लांब गल्लीत दुकाने मांडली आहेत. तुम्हाला गल्लीत शिरण्याची परवानगी नाही. तुम्ही फक्त एका टोकाने माणसे आत सोडू शकता आणि दुसऱ्या टोकाला घड्याळ घेऊन उभे राहू शकता. प्रथम असा माणूस सोडा, की ज्याला कशातच गोडी नाही. तो कोठेही न थांबता चालत जाईल. त्याला लागलेला वेळ म्हणजे नुसत्या चालीचा वेळ. आता मिठाईची आवड असणारा एक मुलगा सोडा. तो उशिरा बाहेर आला, तर गल्लीत मिठाईची दुकाने आहेत असे समजावे. पुस्तकवेडा माणूस लगेच बाहेर आला, तर पुस्तकांची दुकाने नाहीत असे समजावे. पाठविलेल्या माणसाची आवड आपणांस ठाऊक आहे. त्याच्या मुक्कामावरून न पाहिलेल्या बाजाराची माहिती मिळते.

गॅस क्रोमॅटोग्राफीने पृष्ठभागाचा अभ्यास करतात तो नेमका असाच. क्रोमॅटोग्राफीला मराठीत वर्णलेखन असे नाव आहे. काच किंवा पोलाद यांची एक अरुंद नळी घेतात. तपासावयाच्या ऑक्साइडाची फार बारीक पूड नळीत भरली, तर वायूला वाट मिळत नाही. म्हणून ती दाबून, फोडून व चाळून सारख्या आकाराचे कण करतात आणि ते नळीत भरतात. नळी एका भट्टीत ठेवून तिचे तापमान स्थिर राखतात. तिच्यातून हेलियम किंवा नायट्रोजन असा निरुपद्रवी वायू सतत वाहता ठेवतात. या वाहक वायूच्या प्रवाहात माहितीच्या एखाद्या बाष्पाची अत्यंत थोडी मात्रा सुईने सोडतात. नळीच्या दुसऱ्या टोकाशी शोधक यंत्र असते. बाष्प बाहेर आले की ते कागदावर किंवा पडद्यावर एक शिखर काढते. सोडल्यापासून शिखर येईपर्यंतचा काळ मोजावयाचा.

एरवी प्रयोगशाळेत हे यंत्र उलट कामासाठी वापरतात. तेथे नळीतील पदार्थ ओळखीचा असतो आणि आत सोडलेले मिश्रण अनोळखी. त्यातील घटक वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. येथे नळीतील पदार्थाचीच परीक्षा आहे आणि आत जाणारे बाष्प ओळखीचे आहे. म्हणून या पद्धतीस व्यस्त गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणतात.

थोडे आकडे

बाजारातील कशातच गोडी नसलेल्या माणसाचे काम बहुधा मिथेन वायू करतो. समजा, मिथेनला बाहेर यावयास ३० सेकंद लागले आणि हेक्झेनला १२० सेकंद. तर हेक्झेनचा खरा मुक्काम ९० सेकंदांचा. आता हेक्झेनहून एक कार्बन जास्त असलेले हेप्टेन सोडा. समजा, त्याचा खरा मुक्काम २७० सेकंद भरला. नंतर ऑक्टेन सोडा; त्याचा ८१० सेकंद. हे आकडे समजुतीसाठी मी घेतलेले आहेत, परंतु त्यांतील नियम खरा आहे. एकेक कार्बन वाढला की मुक्काम ठराविक पटीने वाढतो. म्हणून मुक्कामाचा लॉगॅरिथम आणि कार्बनांची संख्या यांचा आलेख काढला, तर सरळ रेषा मिळते. हे बिनध्रुवी हायड्रोकार्बन सगळ्याच पृष्ठभागांशी एका साध्या, सर्वसामान्य ओढीने चिकटतात. रेषेचा चढ जितका जास्त, तितकी पृष्ठभागाची ती सर्वसामान्य ओढ मोठी. या चढावरून पृष्ठभागाची ऊर्जा काढण्याची रीत डॉरिस आणि ग्रे या संशोधकांनी १९८० साली मांडली, आणि ती आजही वापरात आहे.

ही रेषा मिळाली म्हणजे आपल्या हाती एक मोजपट्टी आली. आता क्लोरोफॉर्म सोडावयाचा. तो आम्लधर्मी आहे. नंतर ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरान; ती आम्लारिधर्मी आहेत. साध्या ओढीमुळे त्यांना जितका वेळ लागावयास हवा होता, त्याहून जास्त वेळ लागला, तर त्यांचा बिंदू रेषेच्या वर जातो. बिंदू रेषेच्या किती वर गेला, ते मोजावयाचे. आम्लधर्मी पाहुणा फार रेंगाळला, तर पृष्ठभागावर आम्लारिधर्मी जागा आहेत; आम्लारिधर्मी पाहुणा रेंगाळला, तर पृष्ठभाग आम्लधर्मी आहे. आम्लारीला इंग्रजीत जो ‘अल्कली’ शब्द आहे, तो मूळ अरबी आहे आणि वनस्पतीच्या राखेवरून आलेला आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

याच्या पुढची पायरी तापमानाची. भट्टी थोडी अधिक तापविली की पाहुण्याचा मुक्काम कमी होतो. निरनिराळ्या तापमानांवर मुक्काम किती झपाट्याने घटतो, हे मोजले म्हणजे चिकटताना किती उष्णता बाहेर पडते, याचा हिशेब करता येतो. यालाच पृष्ठशोषणाची उष्णता म्हणतात. एक नळी, एक भट्टी आणि एक घड्याळ यांतून केवढी माहिती मिळते, ते पाहा!

शिस्त हवी

ही युक्ती सोपी असली, तरी काम सोपे नाही. नळी भरल्यावर ती कित्येक तास, पुष्कळदा रात्रभर, कोरड्या वायूच्या प्रवाहात तापवून ठेवावी लागते. नाही तर आपण ऑक्साइडाचा नव्हे, त्यावर बसलेल्या पाण्याचाच अभ्यास करीत बसतो. पाहुण्याची मात्रा अत्यंत थोडी ठेवावी लागते. ती जास्त झाली, तर रेणू एकमेकांतच गुंततात. परंतु मात्रा थोडी ठेवली की दुसरी एक गोष्ट घडते. सभागृहात प्रथम आलेले चारजण सर्वांत चांगल्या खुर्च्या पकडतात, तसे हे थोडे रेणू पृष्ठभागावरील सर्वांत जोरकस जागा पकडतात. म्हणून मिळालेले उत्तर मुख्यतः त्या जोरकस जागांचे असते, सगळ्या पृष्ठभागाचे नव्हे. सगळ्याचा अंदाज हवा असेल, तर मात्रा हळूहळू वाढवून पुन्हा पुन्हा मोजावे लागते. आपल्या मोजमापाने काय कळते आणि काय कळत नाही, हे दोन्ही स्पष्ट लिहून ठेवणे, ही खऱ्या अभ्यासकाची खूण होय.

शाळेच्या प्रयोगशाळेत झालेले काम

आता इतिहास, म्हणजे माझा स्वतःचा प्रांत.

वर्णलेखनाची मूळ कल्पना मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची. १९०३ साली त्यांनी वॉर्सा येथे आपल्या पद्धतीची माहिती दिली. खडूसारख्या पुडीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला, की हिरवे-पिवळे रंग निरनिराळ्या पट्ट्यांत वेगळे होतात, असे त्यांनी दाखविले. रंगांवरूनच या पद्धतीला तिचे नाव पडले. पुढे १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायू व द्रव यांच्या साहाय्याने करावयाची क्रोमॅटोग्राफी प्रसिद्ध केली. वर्णलेखनातीलच पूर्वीच्या कामाबद्दल मार्टिन यांना सिंज यांच्यासमवेत त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. पुष्कळ पुस्तकांत गॅस क्रोमॅटोग्राफीची कथा येथून सुरू होते.

परंतु घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून वायू वाहवून त्याचा मुक्काम मोजण्याचे काम त्यापूर्वीच ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाले होते. ते करणाऱ्या बाईंचे नाव एरिका क्रेमर. त्यांचा जन्म म्यूनिकचा, १९०० सालचा. १९२७ साली त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केले. तरी स्त्री असल्यामुळे कायमची जागा मिळेना. १९४० साली, युद्धामुळे पुरुष बाहेर गेलेले असताना, त्यांना इन्सब्रुक विद्यापीठात काम मिळाले. आणि युद्ध संपून पुरुष परतले की जागा सोडावी लागेल, असेही सांगण्यात आले. वायूच्या मुक्कामावरून पृष्ठशोषणाची उष्णता काढता येईल आणि वायू वेगळेही करता येतील, हा विचार त्यांनी १९४४ साली एका लेखात मांडला. जर्मन नियतकालिकाने लेख स्वीकारला. इतक्यात विमानहल्ल्यात छापखाना नष्ट झाला. तो लेख अखेर छापला गेला १९७६ साली, बत्तीस वर्षांनी!

विद्यापीठाच्या इमारतीचीही बाँबहल्ल्यात नासधूस झाली होती. क्रेमरबाईंचे एक विद्यार्थी होते, फ्रिट्झ प्रायर. ते एका माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असत. विद्यापीठ बंद पडल्यावर प्रायर यांनी हे काम आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत पुढे चालविले. १९४७ साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. त्याचा विषय होता, क्रोमॅटोग्राफीची रीत वायूंना लावून पृष्ठशोषणाची उष्णता काढणे. म्हणजे आज आपण ज्याला ‘व्यस्त’ पद्धत म्हणतो, ती खरे पाहता या विषयाची अगदी पहिली, सरळ वाट होती. त्यांच्यामागून रोलंड म्युलर या विद्यार्थ्याने हे काम आणखी पुढे नेले. क्रेमरबाई १९५१ साली प्राध्यापक झाल्या, १९७१ साली निवृत्त झाल्या आणि १९९६ साली वारल्या.

पालकहो, या इतिहासातून मला एवढेच दाखवावयाचे आहे, की ज्या कामावर आज जगभरच्या प्रयोगशाळा चालतात, त्याचा काही भाग युद्धाने पोळलेल्या एका गावात, एका शाळेच्या टेबलावर, एका शाळामास्तराने केलेला आहे. त्याच्यापाशी भारी यंत्रे नव्हती. पण प्रश्न नीट कळलेला होता, आणि विचारावयास जाणकार गुरू होत्या.

उपयोग काय?

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक विद्यार्थिनी पुढे एम. एस्सी.ला गेली. तिला प्रकल्प म्हणून हाच विषय मिळाला. तिचे वडील टेम्पो चालवितात. ते एकदा मला म्हणाले, “सर, लोकांची पोरं कंपनीत लागतात. आमची पोरगी पावडरीतून वारा सोडते आणि घड्याळ बघत बसते. यानं उद्या तिचं काय होणार? पुढच्या वर्षाची फी भरू की नको?” प्रश्न खरा होता. घरखर्च चालविणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. त्यांना जे उत्तर दिले, तेच आपणापुढे ठेवतो.

पहिला उपयोग उत्प्रेरकांचा. मद्यार्काचे बाष्प गरम ॲल्युमिनावरून नेले, की त्यातून पाणी निघून जाऊन एथिलीन मिळते. तेच बाष्प मॅग्नेशियमच्या ऑक्साइडासारख्या आम्लारिधर्मी पृष्ठभागावरून नेले, तर पाण्याऐवजी हायड्रोजन निघून जाण्याकडे कल अधिक असतो. कच्चा माल तोच. पृष्ठभाग बदलला की पक्का माल बदलतो. कोणत्या पृष्ठभागावर कोणत्या जागा किती आहेत, हे आधी कळणे कारखान्याच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

दुसरा उपयोग रंगांचा. टिटॅनियमच्या ऑक्साइडावर ऊन पडले, की ते भोवतीच्या रंगद्रव्याचा बांध हळूहळू खाऊन टाकते, आणि भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी हाताला लागते. म्हणून त्याच्या कणांवर ॲल्युमिना किंवा सिलिका यांचा पातळ लेप चढवितात. लेप चढल्यावर पृष्ठभाग कसा बदलला, ते या पद्धतीने पडताळून पाहता येते.

तिसरा उपयोग घराच्या सुरक्षिततेचा. स्वयंपाकाचा गॅस गळू लागल्यास इशारा देणाऱ्या पुष्कळ उपकरणांत कथलाच्या ऑक्साइडाचा लहानसा तुकडा असतो. हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसून इलेक्ट्रॉन अडवून धरतो. गळलेला गॅस त्या ऑक्सिजनाशी संयोग पावला, की इलेक्ट्रॉन मोकळे होतात, विजेचा प्रवाह वाढतो आणि घंटा वाजते. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली अशा उपकरणाचे पेटंट मागितले. सगळे काम पृष्ठभागाचेच आहे.

चौथा उपयोग पाण्याचा. आपल्या राज्यात चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १.५ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, की दात व हाडे बिघडतात. सक्रिय ॲल्युमिना ते फ्लोराइड आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. जागा भरल्या की तो धुऊन पुन्हा तयार करावा लागतो. हे न केल्यास गाळणी असूनही पाणी तसेच राहते. फ्लोराइडाचे मोजमाप काही वायूने करीत नाहीत. पण पृष्ठभागावरील जागा मोजक्या असतात आणि भरून जातात, ही गोष्ट ज्याला कळली, तो गाळणीची काळजी घेईल.

आणि पाचवा उपयोग पोटापाण्याचा. गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र एकदा नीट चालवावयास आले, की ते केवळ ऑक्साइडांपुरते राहत नाही. औषधांच्या कारखान्यात, तेलशुद्धीकरणात, धान्यातील कीटकनाशकांचे अंश तपासताना, रक्तातील मद्यार्काचे प्रमाण काढताना हेच यंत्र वापरतात. नळी भरणे, गळती शोधणे, शिखर वाचणे, नोंद ठेवणे ही कामे हाताला आलेल्या माणसाची तेथे गरज असते. नोकरीची हमी मी त्या गृहस्थांना दिली नाही; ती कोणीही देऊ शकत नाही. पण मुलगी घड्याळ बघत वेळ घालवीत नाही, घड्याळ बघणे हेच तिचे शिक्षण आहे, एवढे त्यांना पटले. त्यांनी दुसऱ्या वर्षाची फी भरली.

पालकांस व विद्यार्थ्यांस

पालकहो, माझी आपणांस विनंती आहे, की विषयाचे नाव अवघड आहे किंवा शेजारच्या मुलाने तो घेतलेला नाही, एवढ्यावरून मुलांना मागे ओढू नका. मुलींच्या बाबतीत तर ही घाई विशेष होते. काय शिकविले जाते, त्यातून हाताला कोणते काम येते, पुढे कोठे उपयोगी पडते, हे मुलांना विचारा. त्यांना सांगता आले नाही, तर त्यांच्या शिक्षकांना विचारा. विचारून, समजून मग निर्णय घ्या. खर्चाची अडचण असेल, तर शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरण्यासाठी शाळेत या. आम्ही बसून भरून देऊ.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन प्रयोग सांगतो. पहिला असा: खडूची कांडी घ्या. तिच्या बुडापासून एक सेंटिमीटरवर काळ्या स्केचपेनने ठिपका द्या. बशीत ठिपका बुडणार नाही इतकेच पाणी घेऊन कांडी त्यात उभी करा. थोड्याच वेळात पाणी वर चढेल, आणि शाई पाण्यात विरघळणारी असेल, तर काळ्या रंगातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग निरनिराळ्या उंचीवर वेगळे होतील. कोणता रंग खडूला अधिक चिकटला, ते वहीत लिहा. दुसरा प्रयोग: नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी मिळते. ती तोंडात घालू नका व फोडू नका. शाळेच्या तराजूवर तिचे वजन करा, पावसाळी हवेत उघड्यावर ठेवा आणि आठवडाभर रोज त्याच वेळी पुन्हा वजन करा. आकडे लिहून आलेख काढा. पुडी अगोदर कोरडी असेल, तर आलेख प्रथम चढेल आणि मग सपाट होत जाईल. तो सपाट का होतो, याचे उत्तर आजच्या व्याख्यानात येऊन गेले आहे. ते शोधून आपल्या विज्ञानशिक्षकांना दाखवा.

आमच्या संस्थेच्या चालकांनाही एक नम्र सूचना करतो. प्रयोगशाळेच्या कपाटांची किल्ली आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यानंतर तासभर तरी विद्यार्थ्यांसाठी उघडी असावी. नवी खरेदी नंतर करता येईल. जे तराजू, ज्या नळ्या आणि जी घड्याळे आहेत, ती मुलांच्या हाती पडू द्यावीत. देखरेखीसाठी थांबण्यास मी व माझे काही सहकारी तयार आहोत.